लक्ष्मीने हार घातला नाही

मंडळी, हेब्बाळच्या सायबर कॅफेत बसून हे लिहितो आहे.

होसकोटेजवळच्या ज्या आश्रमात मी काम करतो, तिथे देवळांतून आणि सर्कशींतून सुटलेल्या म्हाताऱ्या हत्तिणी राहतात. आज आमचा सत्कार होता. खुर्च्या, माइक, मानपत्रातली नावे, सगळे मी चार वेळा तपासले होते.

पाहुण्यांना हार कोण घालणार, एवढेच विचारायचे राहिले. आयोजक म्हणाले, "लक्ष्मी घालेल की! फोटो छान येईल."

मंगल कार्यालयांच्या दारात आमच्या या हत्तिणीने आयुष्यभर हेच केले. कानामागे अंकुशाचे व्रण अजून आहेत.

मी म्हणालो, "ती नाही घालणार."

"अहो, स्वल्प, थोडीशी सोंड वर करायची, तेवढंच!"

आमचे माहूत बसप्पाअण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. मग तुमच्या आजोबांनापण उभं करा दारात. तेपण रिटायरच आहेत."

मागे कोणीतरी हसले. आयोजक लाल झाले. "मग मानपत्र परत नेऊ?"

ते मानपत्र दाखवून आम्ही सरकारकडे हत्तिणींसाठी शेजारचे तळे मागणार होतो. तरी म्हणालो, "न्या."

त्यांनी खरेच नेले. तळे आम्ही मानपत्राशिवाय मागू, पुन्हा पुन्हा मागू. पण तिला परत कामाला जुंपून मिळणारा मान आम्हाला नको.

तुमच्या घरच्या पुढच्या लग्नात कोणी दारात हत्ती आणायचा म्हणाले, तर तुम्ही नको म्हणाल का?