काळ्या लांडग्याचा कळपप्रवेश

माझ्या भावाच्या मुलीकडे एक काळा लांडगा आहे. प्लास्टिकचा, मुठीत मावणारा. मान मागे मोडली, पाय पोटात घातले आणि शेपूट दाबली की त्याची गाडी होते. अशी जनावरं संचानं मिळतात. प्रत्येकाला दोन रूपं, आणि सगळ्यांची मिळून एक गोष्ट, जी मोबाइलवर भागाभागांनी येते. भाची दुसरीत आहे, तिला ती गोष्ट पाठ आहे. मी रविवारी बारामतीहून अंथुर्ण्याला माहेरी गेले की ती मला ऐकवते. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारते, म्हणून मी तिला चालते. घरातले बाकीचे नुसतं "व्हय का" म्हणतात.

गोष्टीत मेंढ्यांचं एक खोरं आहे आणि लांडगा पहिल्यापासून खोऱ्याचा शत्रू. यंदा मात्र तो एकाएकी सज्जन झाला. आभाळ फाटलं, नगारे वाजले, पांढरा लख्ख उजेड पडला आणि त्यातून लांडगा बाहेर आला तो शुभ्र होऊन, छातीवर सोनेरी ढाल लावून. निवेदकानं त्याला 'खोऱ्याचा महारक्षक' जाहीर केलं. एवढा थाट मी आमच्या भागात फक्त पक्षप्रवेशाला पाहिला आहे. तिथेही कालपर्यंत कुठे होता, हे कोणी विचारत नाही.

पांढरा लांडगा दुकानात अर्थातच वेगळा मिळतो. तो शेजारच्या मुलीकडे आला आणि भाचीची पंचाईत झाली. दोघी शेवग्याखाली विटा मांडून मेंढ्या कोंडायचा वाडगा करून खेळतात. आत चिंचोक्यांच्या मेंढ्या असतात.

"महारक्षक माझा हाय," शेजारणीनं सांगून टाकलं. "तुझा जुना हाय, शत्रू. त्यो आत न्हाय यायचा."

"अगं पण त्यो ह्योच हाय की! ह्योच मग पांढरा झाला."

"मग कर की पांढरा."

भाची रडकुंडीला आली. मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना पांढरा आणते. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग ह्यो कुठं जाईल?"

मी मोबाइल काढला. आम्ही दोघी तो उजेडाचा प्रसंग पुन्हा पाहायला बसलो. थांबवून, मागे नेऊन, परत थांबवून. काळा लांडगा उजेडात शिरतो, पांढरा बाहेर येतो.

"आत्या, आत काय झालं त्ये दाखवतच न्हाईत."

खरंच दाखवत नाहीत. मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आले. दुष्टाचा सुष्ट होताना पुष्कळदा पाहिला आहे, पण जुन्या कथांत त्याला निदान अंगावर वारूळ चढेपर्यंत बसावं लागायचं. इथे सगळं काम उजेडानं उरकलं होतं.

बाजेवर तात्या, म्हणजे माझे वडील, डाळिंबं निवडत होते. तरुणपणी ते कळप घेऊन कोकणात उतरायचे. पुढे कळप मोडला, डाळिंब लावलं, दोन मेंढ्या तेवढ्या ठेवल्या. का ठेवल्या विचारलं तर म्हणतात, "बांधाचं गवत कोन खानार, तू?"

त्यांनी मान वर न करता विचारलं, "मेंढरांनी घेतला का त्येला?"

"म्हंजी?" भाची म्हणाली.

"पांढरा झाला, ढाल लावली, समदं झालं. पर मेंढरांनी वास घेतला का न्हाय?"

आम्ही परत मागे जाऊन पाहिलं. मेंढ्या टाळ्या वाजवत होत्या.

"वास न्हाय घेतला, तात्या. टाळ्या वाजवल्या."

"कशानं?" तात्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मग त्यांनी सांगितलं. एखाद्या कोकराची आई मेली आणि दुसऱ्या मेंढीचं कोकरू मेलं, तर मेलेल्याचं कातडं पोरक्याच्या पाठीवर बांधायचं. मेंढी हुंगते, आपलंच समजून पाजते. चार दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं. "तवर तिचंच दूध त्येच्या अंगात भिनल्यालं असतं. मग ती न्हाय हाकलत."

"लांडग्याला चालंल?"

ज्यांची कोकरं लांडग्यांनी नेली होती ते तात्या हसले नाहीत. त्यांनी हातातलं डाळिंब फिरवून पाहिलं. "कुनी करून न्हाय बघितलं," ते म्हणाले.

भाचीला एवढी परवानगी पुरली. तिनं कातरलेल्या लोकरीचा झुबका लांडग्याच्या पाठीवर दोऱ्यानं आवळला आणि त्याला खऱ्या मेंढ्यांच्या गोठ्यात ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा लांडगा बाहेर काढलेला होता. मेंढ्यांनी त्याला तुडवून, चघळून, लेंड्यांत लोळवून ठेवलं होतं. एक पाय पोटात रुतलेला, मान वाकडी, डोळ्यांचा लाल रंग गेलेला. वहिनी साबण घेऊन मागे लागली होती आणि भाची त्याला पोटाशी धरून ओरडत होती, "धुऊ नगंस! वास जाईल!"

तशीच ती शेवग्याखाली गेली. शेजारणीनं लांडगा हातात घेतला आणि नाक मुरडलं.

"ई! शेळीवानी वास येतोय."

"मेंढीवानी," भाची म्हणाली.

शेजारणीनं परत हुंगलं. या खेपेला जरा सावकाश. मग त्याची मान पिळून पाहिली. मान हलेना.

"गाडी व्हतीय का अजून?"

"न्हाय."

"मग आता काईच व्हत न्हाय ह्येचं?"

"न्हाय. हाय त्यो असाच ऱ्हानार."

शेजारणीनं विटांकडे पाहिलं. "मग येऊ दे," ती शेवटी म्हणाली. "पर रातच्याला बाहीर."

अट भाचीनं लगेच मानली. खेळातली रात्र झाली तेव्हा पांढऱ्या महारक्षकाची गाडी करून ती चिंचोक्यांच्या मधोमध लावण्यात आली. काळा लांडगा विटांच्या बाहेर आला.

बाजेवरून तात्यांनी हाक दिली, "तोंड कुनीकडं केलंय त्येचं?"

भाचीनं वाकून पाहिलं, लांडगा जरा फिरवला आणि म्हणाली, "बाहीर."

"मग बराबर हाय," तात्या म्हणाले आणि पुढचं डाळिंब उचललं.