रेणू पुल्लिंगी आहे

स्मृती आणि रेणू या दोन शब्दांमुळे माझे लग्न मोडता मोडता राहिले. दोन्ही शब्द निर्दोष आहेत, हे आरंभीच नोंदवतो. पदार्थाचे गुणधर्म राखणारा त्याचा सर्वांत लहान कण म्हणजे रेणू. शिकलेले धरून ठेवण्याची मेंदूची शक्ती म्हणजे स्मृती. मी मेंदूच्या जीवरसायनाचा अभ्यासक आहे आणि स्मृती कोणत्या रेणूंच्या आधाराने टिकते, हे शोधणे हा माझा रोजचा उद्योग आहे.

माझे वडील तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवत. "मराठीत सांग, म्हणजे तुला कळलंय की नाही ते मला कळेल," असे ते म्हणत. त्या वळणामुळे मुंबईच्या प्रयोगशाळेतही मी मॉलिक्यूल म्हणत नाही, मेमरी म्हणत नाही. सहकारी प्रथम हसले, पुढे तेही माझ्याशी तसेच बोलू लागले.

जिच्याशी माझे लग्न ठरायचे होते, तिची माझी ओळखही 'रेणू' याच शब्दाने करून दिली. वडिलांच्या जुन्या शाळेत व्याख्यानासाठी गेलो असता मी फळ्यावर 'रेणु' असे लिहिले. मागे उभ्या असलेल्या मराठीच्या बाई पुढे आल्या, त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि उकार दीर्घ केला.

"समासात ऱ्हस्व, सर. एरवी दीर्घ."

वर्ग खदखदून हसला. उरलेले व्याख्यान मी कसे दिले ते मला अजिबात आठवत नाही, आणि स्मृतीच्या अभ्यासकाला हे मान्य करणे सोपे नसते.

वर्षभराने आम्ही दोघांनी ठरवले. राहिला होता तो तिच्या आत्यांचा होकार. आईवडिलांच्या मागे आत्यांनीच तिला कैनाडच्या घरी वाढवले होते. भात, नागली, कोंबड्या असा सारा पसारा एकटीने सांभाळून. "आत्या नाही म्हणाली, तर माझंही नाही समज," असे तिने मला स्पष्ट बजावले होते. म्हणून माघातल्या एका रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून, मोटारसायकलवरून मी कैनाडला पोहोचलो.

आत्या ओट्यावर नागली पाखडत बसल्या होत्या. प्रारंभ उत्तम झाला.

"मास्तरांचे चिरंजीव ना? बसा, बसा. बाय, चहा टाक गं! साखर जरा जास्त घाल."

इतक्यात माझा फोन वाजला. प्रयोगशाळेतून होता. आमचा प्रयोग कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांवर चालला होता. अशा पिल्लासमोर चकचकीत मणी धरला की ते चोच मारते. मणी कडू द्रवात बुडवलेला असेल तर ते एकदाच फसते. नंतर धुतलेला, कोरडा मणी दाखवला तरी मान फिरवते. ही त्याची स्मृती. मात्र ती तासा-दोन तासांपलीकडे टिकायची, तर मेंदूत काही प्रथिने नव्याने तयार व्हावी लागतात. त्यांतल्या एका रेणूवर आमचा संशय होता. औषध देऊन आम्ही त्याला अडवले होते, आणि आता निकाल हाती आला होता.

रेंज मिळावी म्हणून मी अंगणाच्या टोकाला गेलो. आनंदाने माझा आवाज चढला. ओट्यावर पोहोचले ते केवळ माझे उद्गार.

"काय सांगतोस! रेणूशिवाय स्मृती राहिलीच नाही? … पाच वर्षं याच्याच मागे होतो रे मी! … छे, आता रेणूला सोडायचं नाही. … आणि ऐक, सध्या कुणाजवळ बोलू नकोस. सोमवारी मी येतोच."

फोन खिशात ठेवून वळलो, तर सूप थांबलेले.

"बाय," आत्यांनी आत हाक दिली, "साखर घालू नको."

चहा आला. काळा, कडू. परीक्षेचा भाग असावा असे समजून मी तो शिस्तीने संपवला.

"स्मृती गेली म्हणत होतात," आत्या म्हणाल्या.

"हो ना!" मी उत्साहाने सांगितले. "एका दिवसात पार गेली!"

"आणि तुम्हाला आनंद झाला."

"अतिशय."

"आणि रेणू?"

"रेणू आता आमच्या हातातच आहे."

"आमच्या म्हणजे?"

"माझ्या आणि माझ्या सहकाऱ्याच्या."

आत्यांनी सूप बाजूला ठेवले. "पाच वर्षं एकीच्या मागं. दुसरी गेली तर हा माणूस नाचतो. पहिली आता ह्या दोघांच्या हातात! आणि वर तोंड करून माझ्या पोयरीला मागायला आलात?"

दाराच्या चौकटीला धरून त्यांची भाची हसत होती. इतकी, की तिला बोलता येईना. अखेरीस डोळे पुसत ती म्हणाली, "आत्या, अगं, रेणू पुल्लिंगी आहे! ते 'याच्या मागे' म्हणाले. 'हिच्या' म्हणाले का?"

"मग? मी नाही तुला म्हणत, 'कुठं होतास रे माझ्या राजा?' लाडाच्या पोरीला तसंच बोलतात. म्हणजे ती तर जास्तच लाडकी!"

भाषेच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड होता.

"असं करा," आत्या उठल्याच, "चला विवळवेढ्याला. देवीसमोर शपथ घ्या, की ह्या दोघींशी तुमचा काही संबंध नाही."

"संबंध तर आहेच," मी प्रामाणिकपणे म्हणालो, "शिवाय शपथ हा पुरावा होत नाही."

तिने कपाळावर हात मारून घेतला.

"मग कशाला पुरावा म्हणतात तुमच्यात?"

अंगणात एक कोंबडी नुकतीच अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले घेऊन हिंडत होती. मी तिकडे बोट दाखवले.

आत्यांच्या जुन्या माळेतला काचेचा मणी आम्ही काडीला बांधला. कडुनिंबाचा पाला ठेचून रस काढला. एका पिल्लाला रसात बुडवलेला मणी दाखवायचा, दुसऱ्याला नुसत्या पाण्यात बुडवलेला. तुलनेसाठी हे आवश्यक असते. ओळख पटावी म्हणून आत्यांनी पहिल्याच्या डोक्याला कुंकू लावले. त्याने चोच मारली, मान झटकली आणि चोच मातीला पुसली. दुसऱ्याने चोच मारली आणि ते आणखी मागू लागले.

"आता अर्धा तास थांबायचं," मी म्हणालो. एखादे पिल्लू विसरून पुन्हा चोच मारतेच, हे मला ठाऊक होते. ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ती मधूनच फसकन हसे आणि पदर तोंडाला लावी.

अर्ध्या तासाने मणी धुऊन, पुसून पुढे धरला. पाण्यावाल्या पिल्लाने लगेच चोच मारली. मग कुंकवाचे पिल्लू आले. त्याने एका डोळ्याने मणी पाहिला, दुसऱ्या डोळ्याने पाहिला, एक पाऊल पुढे टाकले. माझा सगळा संसार त्या क्षणी त्याच्या चोचीत होता. आणि एकाएकी मान फिरवून ते आईच्या पंखाखाली पळाले.

"ही स्मृती!" मी जवळजवळ ओरडलो. "आणि ती पुढे टिकवतो तो रेणू!"

आत्या पिल्लाकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या रिकाम्या कपाकडे गेली.

"म्हणजे एकदा कडू लागलं, की पुन्हा फिरकत नाही?"

"नाही."

"किती दिवस?"

"रेणू शाबूत असेल, तर पुष्कळ दिवस."

"अगं बाय!" आत्या घाईने आत वळल्या. "गूळ आण आधी! आणि चहा नवा टाक, नाहीतर हा पण दारात यायचा नाही परत!"

गुळाचा खडा त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात कोंबला. तो एवढा मोठा होता की मला आभारसुद्धा मानता येईनात.

"आता अर्धा तास बस इथंच," त्या म्हणाल्या. "मग बघते, चोच मारतोस की पळतोस ते."