काकांच्या स्पीकरमधल्या झांजा

मंडळी, सकाळपासून मन खातंय, म्हणून इथे लिहितोय.

बोळिंजला आमच्या बिल्डिंगमधल्या सावंत काकांचा अ‍ॅम्प्लिफायर गेल्या आठवड्यात बंद पडला. मी हौसेने माझा छोटा अ‍ॅम्प नेऊन त्यांच्या मोठ्या स्पीकरना जोडून दिला. त्या स्पीकरची सागवानी खोकी काकांनी स्वतः बनवलीयत.

"अरे, एवढासा डबा यांना पुरेल का?" काकांनी विचारलं.

"कमी पॉवरचा आहे काका, स्पीकर उडायची भीतीच नाही. बिनधास्त फुल करा," मी म्हटलं.

आज सकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर त्यांनी भजन लावलं. आवाज भरेना, म्हणून खरंच फुल केला. थोडा वेळ आवाज फाटला, आणि मग एकदम बसका झाला. छोटा अ‍ॅम्प असा ताणला की फाटलेल्या आवाजाने ट्विटर, म्हणजे खोक्यातले झांजांसारखे उंच आवाज काढणारे छोटे स्पीकर, जळतात, हे मला तेव्हा आठवलं. दोन्ही गेले होते.

काका कान पुढे करून बसले.

"झांजा ऐकू येत नाहीत रे. तुला येतायत?"

"हो, येतायत की," मी म्हटलं.

का म्हटलं, देव जाणे. काकांनी गुपचूप भजन बंद केलं. "वय झालं आता," म्हणाले, आणि मला अजून एक बिस्किट दिलं.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा मेसेज आला. बाबांना ऐकू कमी येतंय, उद्या नेते, कानाचा चांगला डॉक्टर कोण आहे?

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हीच सांगा, काय लिहू?