सलीमभाई आणि मी पाळलेले जंत

सलीमभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला ओळीनं पाच शिंका आल्या. ती बिचारी म्हणाली, "चाचा, रडू नका." मी तिचा गैरसमज दूर केला नाही. शिंका संपल्यावर मात्र खरंच रडलो... पण तोवर तिनं फोन ठेवला होता, आणि माझ्यासारख्या नटाचा एवढा चांगला प्रसंग प्रेक्षकांविना वाया गेला.

सलीमभाई गडचिरोलीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. लोकांनी आणलेल्या शौचाच्या डब्या उघडून मायक्रोस्कोपखाली बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तरी त्यांच्याइतका खुशीत जेवणारा माणूस मी पाहिला नाही. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकांतला खलनायक. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या तालमी शेजारच्याच गावात चालत. धूळ उडाली, धानाचा कोंडा उडाला, की माझा दमा उसळायचा. नायिकेला धमकावता धमकावता मी शिट्टीसारखा वाजायचो. शेवटी दिग्दर्शकानं ताकीद दिली, दिवाळीपर्यंत छाती सुधारली नाही तर पार्ट दुसऱ्याला.

हे रडगाणं ऐकून सलीमभाई सहज म्हणाले, "इथल्या गावांत जंतवाले लोक लई, पण तुयासारखे शिंकणारे मले कमीच दिसतात. जंताले पोटात राहाचं असते ना भाऊ. मंग तो आंगातल्या राखणीच्या कुत्र्याले थापटून झोपवते. कुत्रा झोपला, का धुळीवरही भुंकत नाई."

"मंग मले द्या ना दोन-चार!"

"पागल झाला का? मी काय जंताचं दुकान लावून राह्यलो?"

दिले नाहीत. पण अंकुशकृमी नावाचा जंत अनवाणी तळव्यातून आत शिरतो, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. गावाबाहेर ज्या बांधाआड सगळं गाव सकाळी डबा घेऊन बसायचं, तिथल्या ओल्या मातीत मी आषाढभर अनवाणी फेऱ्या मारल्या. लोकांना वाटलं, संवाद पाठ करतोय. तळवे खाजले, तशा मी मनात टाळ्या वाजवल्या. आणि खोटं नाही सांगत, दसऱ्यापर्यंत छाती मोकळी!

डबी घेऊन ऐटीत दवाखान्यात गेलो. सलीमभाईंनी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही...

"आहेत?"

"आहेत. छाती कशी?"

"झकास! किड्यांनी काम केलं."

"किड्यांनी केलं, का पावसानं धूळ बसली म्हणून झालं, हे या नळीतून दिसत नाई." मग डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "तालमीच्या गावात सकाळी कुठी बसतो?"

"बांधाआड. सगळेच बसतात."

बाकावर एक गरोदर बाई रक्त तपासायला येऊन बसली होती. सलीमभाईंनी तिला डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायला सांगितली. आत खडूसारखं पांढरं.

"हे त्याच गावची. अनवाणी धानाची रोवणी करते. जंत इचं रक्त पिऊन राह्यले, आन् तुया पोटातली अंडी त्याच मातीत पडून राह्यली. तुया पार्टासाठी इच्या पायाले अजून किती जंत लावू, सांग."

त्यांनी जंताची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी पार्टाचा विचार करत जरा वेळ तसाच उभा राहिलो, हे लपवत नाही... ती बाई माझ्याकडे बघत होती. मी गिळली. हिवाळ्यात कोंडा उडाला, छाती परत वाजू लागली, आणि खलनायक दुसऱ्यानं केला. चांगला केला, मेल्यानं.

परवा त्या दवाखान्यात गेलो होतो. लॅबच्या दाराशी रबरी चपलांची रास अजून आहे. डबी आणणाऱ्याला अनवाणी परत जाऊ द्यायचं नाही, हा सलीमभाईंचा त्या गोळीच्या दिवसापासूनचा नेम. ओळखीपाळखीत जुन्या चपला मागायचे, तुटके पट्टे स्वतः बसवायचे. आता त्यांच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आहे. मी दारात असतानाच ती एका म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, थांबा. मापाची घालून जा."

मी खाली बसून त्याच्या मापाचा जोड शोधू लागलो. एक सापडला. डाव्या चपलेचा पट्टा निघाला होता. म्हाताऱ्याला घाई नव्हती, मलाही नव्हती... मी तो बसवत बसलो.