भीमाची कालवड

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. जन्म काढला तिच्यासंगं, पण हे नाही. आता तुम्हाला का सांगतोय ते विचारू नका. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुकेल, सांगण्यात चुकणार नाही.

आजोळ माझं मोहोळजवळ. बाप सोलापुरात मिलमध्ये. सुट्टी लागली की आई मला एसटीत बसवून आज्जीकडं धाडायची. आज्जी म्हणजे — काय सांगू? माझ्या भाकरीवर दुधाची साय, अंगावर तिची स्वतःची गोधडी. आणि मामाचा भीमा, माझ्याच वयाचा, त्याला शिव्या. "भीम्या, मुडद्या, शेण काय तुझा बा भरनार?" मी उठलो की म्हणायची, "तू बस बाळा. पाव्हणा हाईस."

त्या शिव्यांवर मी जळायचो. हसू येतंय? येऊ दे. पाव्हण्याला कोण शिव्या देतं? पाव्हणा जाणार — भीमा राहणार.

त्यात मोठ्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आज्जीनं त्याला कालवड दिली. तांबडी, कपाळावर चांद. "ही तुझी. हिची वासरं बी तुझीच." माझ्यासमोर म्हणाली. मला काय? पिशवीभर शेंगा.

मग — हां, सांगतो. भर दुपार. सगळे लिंबाखाली आडवे. मी गोठ्यात जाऊन कालवडीचं दावं सोडलं आणि तिला कडवळात हाकललं. कडवळ म्हणजे वैरणीची ज्वारी. ती कापून नेलेली, विहिरीला पाणी नाही, खोडांना वीतभर कोवळे फुटवे आलेले. वाटलं, नासधूस होईल, भीमाच्या पाठीत चार बसतील, आज्जी कालवड काढून घेईल. पाण्यावाचून खुरटलेला तो फुटवा जनावराला विषासारखा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नव्हतं. पण हे मी सुटायला सांगत नाही. वाईट करायलाच गेलो होतो.

तासाभरात ती बांधावर पाय झाडत पडली. मामा गूळपाणी घेऊन पळाला, तोवर संपलं होतं.

"आज्जे, म्या गाठ पक्की मारली व्हती गं! तुझ्या गळ्याची आण!" भीमा बोंबलत होता.

"गाठ काय आपली आपण सुटती व्हय रं?" आज्जी म्हणाली. हळू. शिवी दिली नाही.

पुन्हा कधीच दिली नाही त्याला. जनावराला हात लावू दिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ऊठ रं मुडद्या, धार काढाय शीक." मी उठलो. लई गोड वाटलं. कालवड पुरलेली माती अजून ओली — आणि मला गोड वाटलं.

भीमा पुढं शेत सोडून अकलूजला साखर कारखान्यात लागला. पाच-सहा वर्षांनी आज्जीनं अंथरूण धरलं. मी पाय चेपत होतो. खोलीत दोघंच. तिनं विचारलं, "भीम्याला जनावराची माया नव्हतीच, न्हाय का रं?"

तेव्हा मी पोर नव्हतो. मिशी फुटलेली. मार बसणार नव्हता, कालवड मिळणार नव्हती. मग काय अडलं होतं?

मी म्हणालो, "व्हय, आज्जे. नव्हतीच."

तिनं मान हलवली. भीमा पोचला तो दुसऱ्या दिवशी, तिला उचलायच्या वेळेला.