बाकावरचा दिवा

वाक्य संपलं की मामा मुठीवरचा अंगठा उचलायचे आणि म्हणायचे, "ओव्हर." फौजेतल्या संचाचं बटण जणू अजून हातातच होतं. वायरलेसवर नोकरी करून परतलेला, सगळ्यांचा मामा झालेला हा वडूजकडचा माणूस आमच्या साखर कारखान्यात शिपाई होता. अकरा हंगाम झाले तरी हंगामीच. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

त्या कारखान्याच्या व्हरांड्यातला बाक मी नोकरीच्या आधीपासून ओळखत होतो. आमचा एकराचा ऊस तोडणीची पाळी येत नाही म्हणून उभा असायचा. तुरे यायचे, वजन घटायचं. वडील फडक्यात भाकरी बांधून त्या बाकावर बसायचे. आतून निरोप यायचा, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." संध्याकाळी ते चालत घरी. अशा वर्षी आमच्याकडे सणालाही गव्हाचं पीठ यायचं नाही.

पुढं मी सांगलीला शिकून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. घराण्यातला पहिला. हे मी ताठ मानेनंच सांगतो. त्याच कारखान्यात वर्षाच्या बोलीवर लागलो. कायम करायच्या यादीत दोन नावं होती, माझं आणि मामांचं.

साहेबांनी पहिलंच काम दिलं. प्रत्येक खातं मीटिंगची खोली अडवून ठेवतं आणि आत कुणी नसतं. खोलीत माणसं आहेत की नाहीत, ते केबिनमध्ये बसून कळलं पाहिजे. भिंतीला नवी सागवानी फळी मारलेली, म्हणून वायर ओढायची नाही. मी पंधरा दिवस कागदावर आकृत्या काढत बसलो. चहा ठेवता ठेवता मामा म्हणाले, "इंजिनेर सायेब, माणूस खुर्चीवर बसतोय न्हवं? मग खुर्चीला इचारा की. ओव्हर."

गाद्यांखाली पत्र्याच्या पट्ट्या घातल्या. माणूस बसला की पट्ट्या टेकायच्या, रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीचा संच रेडिओची लाट सोडायचा आणि केबिनमध्ये तांबडा दिवा लागायचा. पट्ट्या मामांनी घासल्या, वायरींना कथलाचे डाग मी दिले. पहिल्याच दिवशी दिवा लागला म्हणून धावलो, तर खुर्चीवर कुणीतरी फायलींचा गठ्ठा ठेवलेला. मामा हसून म्हणाले, "ही मीटिंग बरी. कुणी खोटं बोलंना."

मग त्यांनी दुसरा दिवा आणला. व्हरांड्यातल्या बाकाच्या वर लावायला.

"मामा, साहेबांनी एकच सांगितलाय."

"लाट एकदा सुटली की ती कुणाच्या बापाची न्हाई. संच असंल त्यानं घ्यावी. बाकावरच्यास्नीबी कळू द्या. ओव्हर."

मला वडील आठवले. त्या दिव्याचे डाग मीच दिले.

तिसऱ्या दिवशी कारकून बाकावरच्या लोकांना म्हणाला, "मीटिंग चालू हाय, बसा." एक म्हातारा वर बघून उठला. "आवं, दिवा तर इझलाय." त्यानं सरळ जाऊन दार ढकललं. बारा खुर्च्या रिकाम्या. मागोमाग सगळा बाक आत शिरला आणि केबिनपर्यंत गेला. साहेब वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते.

आम्हा दोघांना बोलावणं आलं. "बाहेरचा दिवा कुणाचा?"

मी म्हणालो, "कल्पना नाही, सर."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, तेच वाईट. मग टाचा जुळवून म्हणाले, "म्या लावला, सायेब." अंगठा उचलला, पण ओव्हर म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मामा आले नाहीत. त्यांचं नाव यादीतून खोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर वडूजच्या स्टँडवरून मी कितीदा गेलो, एकदाही उतरलो नाही. बाकावरचा दिवा काढल्यावर भिंतीला स्क्रूची दोन भोकं राहिली. लोक त्यांच्याखाली बसून राहायचे.

केबिनमधला दिवा बरीच वर्षं चालला. अहवालात तो माझ्या नावावर छापला गेला. दिवाळीला मी कायम झालो. आमच्या घराण्यातला पहिला.