तीन हजारांत पाचशे चौऱ्याऐंशी

उखा सुतार नंदुरबारच्या एका जिनिंगमध्ये मिस्तरी होता. सरकी काढणाऱ्या चरख्यांचे लाकडी रूळ तो करायचा. रूळ एका टोकाला केसभर जाड राहिला तर रुई तुटते. उखाचा रूळ तुटक रुई देतो, असं वीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर हायस्कूलच्या गणिताच्या वत्सलाबाई त्याच्या घरी आल्या. त्यांना सागाचे सहा पासे हवे होते, इंचभर बाजूचे.

"शाळेत पासे?" उखा म्हणाला.

"संभाव्यता शिकवायची आहे. प्रशिक्षणाला मुंबईला गेले होते, तिथे कॉम्प्युटर पाहिला. खोलीभर यंत्र. स्वतःचं डोकं चालवत नाही, लिहून दिलेल्या पायऱ्या तेवढ्या करतं. त्या पायऱ्यांना प्रोग्राम म्हणतात. तसं यंत्र आपल्याकडे कुठून येणार? पण माझ्या वर्गात तीस मुलं आहेत, तीच यंत्र होतील."

उखाने चार संध्याकाळी घातल्या. पासे दोन संध्याकाळीही झाले असते, पण मग ते ठोकळे झाले असते. सगळ्या बाजू काटकोनाच्या गुण्याला लावून पाहिल्या. ठिपके मुलांच्या बोटाला कळावेत म्हणून गिरमिटाने चांगले खोल पाडले.

बाईंनी मुलांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: एक, पासा डब्यात टाक. दोन, डबा तीनदा हलवून पासा पाटावर ओत. तीन, सहा आला तर काडी मार, नाही तर तसाच पुढे जा. चार, पाचशे फेका झाल्या तर थांब, नाही तर पुन्हा एकवर जा. मधे डोकं चालवायचं नाही, अशी बाईंची ताकीद होती.

सहा बाजू, एकूण तीन हजार फेका. सहाच्या वाट्याला पाचशेच्या आसपास काड्या यायला हव्या होत्या. आल्या पाचशे चौऱ्याऐंशी. गटागटाने पाहिलं तर त्र्याऐंशीच्या जागी सत्त्याण्णव, पंच्याण्णव, एकशे एक, चौऱ्याण्णव, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. नव्वदीच्या खाली कोणीच नाही.

मुलांनी ते घरोघर सांगितलं. त्याच आठवड्यात पोलिसांनी बाजारामागचा जुगाराचा अड्डा धरला होता. मग काय, दोन गोष्टी गावाने जोडल्या: अड्ड्यावरचे लबाड पासेही उखाचेच. दिलवरसिंग जिनिंगचा हमाल. त्याने फाटकातच हाक मारली, "उखाभो, माले बी एक पासा दे ना! सहाच पडस म्हने."

"तुन्हा हातच खोटा शे. मन्हा पासा काय करी तठे?"

लोक हसले, पण गोष्ट हसण्यावर थांबली नाही. जिनिंगच्या शेठनी बोलावून सांगितलं, "आत शिसं भरून पासे करणारा माणूस मला नको. शनिवारपर्यंत माफी लिहून दे, नाही तर हिशेब घेऊन जा."

घरी बायको तापीबाई म्हणाली, "सेठना पाय धरी ल्या नि सुटा."

"पाय कसाले धरू? मी काय चोरी करेल शे?"

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. बाई ओशाळल्या होत्या. "मिस्तरी, मी शेठना सांगते, हा नुसता योगायोग. पाचशेचे कधी चारशे ऐंशी होतात, कधी वीस जास्त."

"कधी चौऱ्याऐंशी जास्त होतात?"

"ते कधी काढून पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"नसेल ठाऊक तर मोजा. फुकटची माफी नको मला. तुमचं तीस मुलांचं यंत्र बसूनच आहे ना?"

बाईंनी मोजायचं ठरवलं. या वेळी पासाच नको; नुसता योगायोग कुठवर जातो ते पाहायचं. प्रत्येक मुलाने एक ते सहा आकड्यांच्या सारख्या चिठ्ठ्या केल्या आणि तांब्यात टाकल्या. कागदही नवा: तांब्या हलव, न पाहता चिठ्ठी काढ, सहा असेल तर काडी मार, चिठ्ठी परत टाक, शंभर होईपर्यंत पुन्हा सुरुवातीला जा. तीस मुलं, शंभर चिठ्ठ्या, तासाला तीन हजार. त्या आठवड्यात उखाची रात्रपाळी होती; दिवसा तो मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसला. एक पोरगी तांब्या न हलवताच चिठ्ठी काढत होती. तिला त्याने उठवलं.

"हात दुखतो, आबा."

"दुखू दे. कागदावर हलव लिहेल शे ना? मंग हलव. तुन्ह्या शंभर पुन्हा कर."

चार दिवसांत सात वेळा मोजणी झाली. सहाच्या काड्या कधी चारशे सत्त्याहत्तर, कधी पाचशे बारा. सर्वांत जास्त पाचशे एकतीस.

बाईंनी खडू खाली ठेवला. "पाचशे चौऱ्याऐंशीच्या जवळपासही नाही. मिस्तरी, हा योगायोग नव्हे. दोष पाशांतच आहे."

उखा उठला, पासे मागितले आणि व्हरांड्यातल्या पाण्याच्या बादलीत सोडले. साग तरंगतो. पासे डुलले, वळले आणि स्थिरावले. सहाच्या सहा पाशांचा सहाच वर.

उखाने एक पासा उचलून बोटांत फिरवला. सहाच्या बाजूला सहा भोकं, तिच्या समोरच्या बाजूला एकच. जितकी भोकं तितकं लाकूड गेलेलं. हलकी बाजू वर येणारच. ठिपके खोल पाडण्यात त्याने जीव ओतला होता, आणि नेमकं तेच नडलं होतं.

शुक्रवारी रात्रपाळी सोडून उरलेला सगळा वेळ त्याने नव्या पाशांना दिला. प्रत्येक बाजूचं लाकूड सारखंच काढायचं: एकला एक मोठं खोल भोक, सहाला सहा बारीक. बाजूबाजूचा भुगा वेगळा बांधून सराफाकडे नेला आणि काट्यावर घातला. दोन पासे भुगा कमीजास्त भरला म्हणून चुलीत गेले.

शनिवारी सकाळी वर्गाने नव्या पाशांवर पहिलाच कागद चालवला. चारशे ब्याण्णव.

दुपारी तो जुने सहा पासे आणि आरी घेऊन शेठपुढे उभा राहिला. "कुठलाही निवडा." शेठनी एक दाखवला. उखाने तो मधोमध कापला. आत सागच. "आणखी?" शेठनी दुसरा दाखवला. तोही कापला. तिसऱ्याला शेठनी हात वर केला.

"शिसं नाही. मान्य. पण गावात बोभाटा झालाय. माफी तेवढी लिही आणि कामाला लाग."

उखाने कागद घेतला, टेबलाशी वाकून हळूहळू लिहिलं आणि पुढे सरकवला. शेठनी मोठ्याने वाचलं, "मी केलेल्या पाशांत खोट होती. तीन हजार फेकांत सहाचा आकडा चौऱ्याऐंशी वेळा जास्त पडला. भोकांतून काढलेलं लाकूड सगळ्या बाजूंना सारख्या वजनाचं नव्हतं. चूक माझी. लबाडी केलेली नाही. उखा सुतार." शेठनी मान वर केली. "यात माफी कुठे आहे?"

"चूक किती झाली ते लिहिलं. न केलेल्याची माफी लिहायची नाही. हिशेब द्यायचा तर द्या."

शेठनी कागद पुन्हा एकदा वाचला. बाहेर एका चरख्याचा रूळ खडखडत होता.

"फाटकावर लावू हे?"

"लावा," उखा म्हणाला. "दिलवरले वाचता येत नही. त्याले कोनीतरी मोठ्याने वाची दाखवा."